ब्लड कल्चर कोरं, तरी तान्ह्या बाळाला सेप्सिस? विषाणूंबद्दल विचारायचं आहे

सुरसागरकाठची

विषाणूंमुळे तान्ह्या बाळाला सेप्सिस होऊ शकतो का? प्रश्न सरळ आहे, पण त्यावरून आमच्या घरात दोन तट पडलेत, म्हणून धागा काढतेय.

बाळ माझ्या धाकट्या बहिणीचं. पूर्ण दिवसांचं, वजन छान. बारसं झालं आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत एकदम मलूल झालं. अंगावर घेतलं की चार घोट ओढायचं आणि तोंडात तसंच धरून झोपून जायचं. पावलं गार, मांड्यांवर जाळीसारखे निळसर चट्टे. आधी ताप होता, मग अंगच गार पडायला लागलं. इथल्याच, बडोद्यातल्या एका खासगी रुग्णालयात एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवलं, सेप्सिस म्हणून अँटिबायोटिक सुरू झालं. ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले बॅक्टेरिया वाढवून बघायची तपासणी) काहीच उगवलं नाही. लिव्हरला सूज, प्लेटलेट खाली, रक्त गोठण्यात बिघाड. शेवटी पाठीच्या पाण्याची पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) केली, त्यात एन्टेरोव्हायरस निघाला. आता बाळ घरी आहे, नीट पितंय.

डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर समजलं की थोरल्याला (वय तीन) बारशाच्या सुमारास प्लेग्रुपमधून हात-पाय-तोंडाचा आजार आला होता. तळहातावर पुरळ, तोंडात फोड. तो सारखा पाळण्यात वाकून बाळाचा हात धरायचा.

बहिणीच्या सासरचे म्हणतात, कल्चर कोरं म्हणजे सेप्सिस नव्हताच, बिलासाठी ठेवून घेतलं. आमचे भाऊ म्हणतात, व्हायरस होता तर अँटिबायोटिक कशाला टोचली? मला दोन्ही पटत नाही. मला वाटतं, सेप्सिस म्हटलं की आपल्या डोक्यात फक्त बॅक्टेरिया येतात, आणि म्हणून घरात कोण कशाने आजारी होतं हे डॉक्टरला सांगायचं कुणालाच सुचत नाही. जाणकारांनी लिहावं.

मांडवीकर

बाळ घरी आलं हे वाचून फार बरं वाटलं. वाचतोय.

बालवैद्य

होऊ शकतो. मी लहान मुलांचा डॉक्टर, बडोद्यातच प्रॅक्टिस. बाळ पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याच्या उपचारांवर बोलणार नाही, विषयावर बोलतो.

सेप्सिस ठरतो तो जंतूवरून नव्हे, अवयवांवरून. संसर्गाला तोंड देताना शरीराचा प्रतिसाद इतका बेताल होतो की स्वतःचेच अवयव निकामी व्हायला लागतात. रक्तवाहिन्या गळक्या होतात, रक्तदाब पडतो, लिव्हर-मूत्रपिंडाला रक्त पुरत नाही, गोठण्याची यंत्रणा कोलमडते. २०१६ साली मोठ्यांसाठी ठरलेल्या व्याख्येत हेच आहे, २०२४ साली मुलांसाठी आलेल्या 'फिनिक्स' निकषांतही हेच आहे. जंतू कुठल्या जातीचा असावा अशी अट कुठेच नाही. मात्र फिनिक्स निकष जन्मल्यापासून रुग्णालयातच असलेल्या बाळांना आणि अकाली जन्मून अजून ३७ आठवडे न भरलेल्यांना लागू नाहीत. तिथे आजही डॉक्टरच्या आणि सिस्टरच्या नजरेवर पुष्कळ अवलंबून असतं.

पहिल्या महिन्यात मला सगळ्यात धास्ती हर्पिस सिम्प्लेक्स आणि एन्टेरोव्हायरस यांची. एन्टेरोव्हायरसमध्ये कॉक्सॅकी बी आणि एको हे गट येतात; हात-पाय-तोंडाचा आजारही एन्टेरोव्हायरसचाच. लिव्हर, हृदयाचा स्नायू आणि मेंदू हे त्यांचे ठरलेले बळी. पॅरेकोव्हायरस त्यांचाच भाऊबंद: तापलेलं, लालबुंद, हात लावला की किंचाळणारं बाळ, आणि पाठीच्या पाण्यात पेशी मात्र बऱ्याचदा नॉर्मल. थोड्या मोठ्या बाळांत आरएसव्ही (श्वसनमार्गाचा विषाणू), इन्फ्लुएन्झा, अ‍ॅडिनो, कोव्हिड. आपल्याकडे डेंगी आणि चिकुनगुन्याही या यादीत धरायलाच हवेत.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर उद्यापासून कुणी म्हणेल 'व्हायरसच असेल, अँटिबायोटिक नको'. आपल्या देशात नवजात सेप्सिसमध्ये बॅक्टेरिया अजूनही मोठे शत्रू आहेत. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांचा अभ्यास २०१६ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आला. त्यात असिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला, ई. कोलाय आघाडीवर होते आणि त्यांतले कितीतरी बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारे. बाळ कोसळत असताना पहिल्या तासात व्हायरस की बॅक्टेरिया हे कुणालाही सांगता येत नाही, आणि थांबायला वेळ नसतो. म्हणून अँटिबायोटिक आधी सुरू होतं. तुमच्या भावाला एवढं सांगा.

खंडेराव_मार्केट

डॉक्टरसाहेब, आदर ठेवून असहमत. आधी सुरू करायचं हे कबूल, पण नंतर थांबवतं कोण? कल्चर कोरं आल्यावरही आमच्या पुतण्याला पूर्ण कोर्स दिला. तुम्हीच म्हणता जंतू दाद देत नाहीत. मग ती सवय त्यांना कुणी लावली?

बालवैद्य

@खंडेराव_मार्केट, मुद्दा बरोबर आहे आणि त्यावर आमच्यातही वाद होतात. कल्चर साधारण ३६ ते ४८ तास कोरं राहिलं आणि बाळ सुधारलेलं असलं, तर अँटिबायोटिक थांबवता येतं, थांबवायला हवं. विषाणू सापडला तर हा निर्णय घ्यायला बळ येतं. पण बाळ अजून अत्यवस्थ असेल तर नुसत्या कोऱ्या कागदावर थांबवण्याची हिंमत कुणी करत नाही. करूही नये.

लॅबमधला

मी मायक्रोबायोलॉजीत आहे. कल्चर कोरं येण्याचा अर्थ लोक चुकीचा लावतात म्हणून लिहितो.

नवजात बाळाचं रक्त किती मिळतं? एक मिलिलिटर मिळालं तरी आम्ही खूश. घाईत त्याच्या निम्मंच येतं, तेही कधी कधी अँटिबायोटिकचा पहिला डोस गेल्यानंतर. तेवढ्यात बॅक्टेरिया निसटू शकतो. म्हणून कोरं कल्चर म्हणजे 'बॅक्टेरिया नाही' याचा पुरावा नव्हे आणि 'व्हायरस आहे' याचा तर मुळीच नव्हे. कल्चरच्या बाटलीत व्हायरस वाढतच नाही. त्याला वाढायला जिवंत पेशी लागतात. तो शोधायला पीसीआर मुद्दाम मागावी लागते.

पीसीआरचीही एक गोम आहे. नाकाच्या स्वॅबमध्ये ऱ्हायनोव्हायरस निघाला म्हणून त्यानेच सेप्सिस केला असं नसतं. साध्या सर्दीनंतर तो आठवडेच्या आठवडे नाकात सापडतो. रक्तात किंवा पाठीच्या पाण्यात एन्टेरोव्हायरस सापडणं ही वेगळी गोष्ट, तिथे त्याचं काही काम नाही. @सुरसागरकाठची, तुमच्या बाळाचा नमुना पाठीच्या पाण्याचा होता, लिव्हर आणि रक्ताचे रिपोर्ट जुळतात, घरात हात-पाय-तोंडाचा रुग्णही होता. एवढं एकत्र जुळणं सहसा मिळत नाही. आणि हो, सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारा आकडा) विषाणूतही चढू शकतो, बॅक्टेरियात सुरुवातीला खाली असू शकतो. त्या एका आकड्यावर कुणी भांडू नये.

कारेलीबागची_आजी

मी सत्तरी ओलांडलेली बाई, माझा अनुभव ऐका. आमच्या वाड्यात बाळ जन्मलं की सगळं घर त्याला मांडीवर घ्यायचं, पापे घ्यायचं. आम्हाला कुणाला काही झालं नाही. आता बघावं तो मास्क आणि सॅनिटायझर. बाळाला माणसांची ऊब नको का?

विश्वामित्री

आजी, रागावू नका, पण ज्यांना काही झालं ते आज इथे लिहायला नाहीत. १९७१ मध्ये आपल्या देशात दर हजार बाळांमागे १२९ बाळं वर्षाची व्हायच्या आत जात होती. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला. माझ्या आजीची तीन भावंडं 'अंग गार पडून गेली' एवढंच घरात सांगतात. कशाने गेली हे कुणालाच माहीत नाही.

कारेलीबागची_आजी

आकडा वाचून गप्प झाले. पण एक सांगते. आमच्याकडे सोयर कडक पाळायचे. दहा दिवस बाळंतिणीच्या खोलीत सुईण आणि एक बाई, बस. मी मांडीवर घेण्याचं म्हणते ते त्यानंतरचं. आता बाळ दवाखान्यात असतानाच पन्नास माणसं फोटो काढायला येतात, छठीला निम्मी सोसायटी, बारशाला हॉल. सोयर तुम्ही लोकांनी मोडलीत आणि दोष आम्हाला!

इंदूरची_सून

आजींना शंभर टक्के अनुमोदन. कारण त्यांचं वेगळं होतं, पण बाळाजवळ माणसं कमी हा परिणाम आज हवाच आहे. फक्त ती अंधारी कोंदट खोली आणि शेगडीवरची ओवा-वावडिंगाची धुरी नको. धुराने एवढ्याशा छातीचे हाल होतात.

एनआयसीयू_सिस्टर

रात्रपाळी संपवून लिहितेय, चुका समजून घ्या.

बाळ बिघडतंय हे मशीनच्या आधी आईला कळतं. 'आज हा वेगळा वाटतोय' असं आई म्हणाली की मी हातातलं काम टाकून जाते. काय बघायचं ते लिहिते. दूध ओढता ओढता थांबणं, किंवा तोंडच न लावणं. कपडे बदलताना हातपाय न झाडणं, नुसतं पडून राहणं. शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास. पूर्ण एक मिनिट मोजायचे, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण बाळं मधेच श्वास रोखतात. बरगड्यांखाली खड्डा पडणं, कण्हणं, झटके. काखेत तापमान ३७.५ सेल्सिअस किंवा वर, नाहीतर ३५.५ च्या खाली. गार पडणं हे तापापेक्षा कमी घाबरायचं लक्षण नाही, लोक फक्त तापाला घाबरतात. छातीच्या मधल्या हाडावर बोटाने पाच सेकंद दाबून सोडायचं. पांढरा डाग तीन सेकंदांत परत गुलाबी झाला नाही तर रक्त नीट फिरत नाहीये. यातलं एकही दिसलं तर निघायचं. पॅरासिटामॉलचे थेंब देऊन सकाळची वाट बघायची नाही.

दुसरं, सॅनिटायझर. बाळाच्या खोलीबाहेर बाटली ठेवली की सगळे निर्धास्त. फ्लू, कोव्हिड, आरएसव्ही यांच्यावर तो चांगला चालतो. एन्टेरोव्हायरस, अ‍ॅडिनो यांना बाहेरचं स्निग्ध आवरण नसतं, त्यांच्यावर अल्कोहोलचा जोर कमी पडतो. तिथे साबण आणि वाहतं पाणी, नखांच्या कडा, अंगठा, मनगट सगळं चोळून. एन्टेरोव्हायरस बऱ्या झालेल्याच्या शौचातून पुढचे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. म्हणून थोरल्याची शी धुतलेल्या हाताने बाळाची दुपटी घ्यायची नाहीत, साबणाने हात धुवूनच.

खाऊगल्ली

सिस्टर, तुमची पोस्ट आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकली. आमच्या नणंदबाई आत्या म्हणून कुर्रर्र करायला नाकापर्यंत मास्क लावून आल्या होत्या. सगळे हसले, व्हिडिओत तर डाकू दिसतायत. सर्दी होती म्हणून लावला होता. आता ग्रुपवर सगळे त्यांचे पाय धरतायत.

मांडवीकर

नाव काय ठेवलं ते ऐकू आलं का मास्कमधून? :)

खाऊगल्ली

नाही ना! 'ईशान' म्हणाल्या, सासूबाईंनी 'किसान' ऐकलं. दोन दिवस तीच हाक मारत होत्या.

नवापुरा

मला हर्पिसबद्दल लिहायचंय. आमच्या एका नातेवाइकांच्या बाळाला आठवड्याचं असताना झटके आले. अंगावर फोड नाही, पुरळ नाही, आईला कधी काही आजार नाही. पाहायला आलेल्या एका पाहुणीच्या ओठावर तापाचा फोड होता आणि तिने बाळाच्या कपाळाचा, गालाचा पापा घेतला होता. हे खूप नंतर कुणाला तरी आठवलं. बाळ वाचलं. पण एक बाजू अजून कडक आहे, फिजिओ चालू आहे. तो पापा कारण होता की दुसरं काही, हे खात्रीने कुणी सांगू शकलं नाही. तरी मी तेव्हापासून ओठावर फोड असलेल्या माणसाला बाळाच्या खोलीच्या दारातच थांबवते, वाईटपणा घेते.

बालवैद्य

@नवापुरा, तुम्ही करता ते शंभर टक्के बरोबर. बहुतेक बाळांना हर्पिस प्रसूतीच्या वेळी आईच्या जननमार्गातून लागतो, आणि त्यांतल्या बऱ्याच आयांना आपल्याला तो आहे हेच ठाऊक नसतं. पण पाप्यातून लागणारीही असतात. अंगावर फोड न दिसणं हे नेहमीचं. म्हणून पहिल्या महिन्यातलं बाळ झटके, चढलेले लिव्हर एन्झाइम, पडलेले प्लेटलेट असं घेऊन आलं, तर रिपोर्टची वाट न बघता असायक्लोव्हिर हे हर्पिसवरचं औषध सुरू करायचं असतं. सर्वांगात पसरलेल्या हर्पिसमध्ये औषध नसेल तर शंभरातली सुमारे ८५ बाळं जातात; मोठ्या मात्रेत वेळेवर दिलं तर हा आकडा ३० च्या आसपास येतो. मेंदूत किंवा सर्वांगात असेल तर किमान २१ दिवस शिरेतून.

एन्टेरोव्हायरससाठी असं हुकमी औषध अजून नाही. सलाइन, रक्तदाब धरून ठेवणारी औषधं, व्हेंटिलेटर, प्लाझ्मा यांवर तारून न्यायचं. काही ठिकाणी इम्युनोग्लोब्युलिन देतात, पण त्याचा पुरावा तोकडा आहे. इन्फ्लुएन्झासाठी ओसेल्टामिव्हिर आहे. म्हणजे 'व्हायरसवर औषध नसतंच, मग शोधायचा कशाला' हे अर्धंच खरं. हर्पिस वेळेत ओळखला तर बाळाचं आयुष्य बदलतं.

परदेशस्थ_बडोदेकर

मी फ्रान्समध्ये असते, माहेर दांडिया बाजार. २०२३ च्या मे महिन्यात इथे याची खूप चर्चा झाली होती. जुलै २०२२ ते एप्रिल २०२३ मध्ये नऊ नवजात बाळांना एको-११ विषाणूच्या एका नव्या प्रकारामुळे सेप्सिस झाला, लिव्हर निकामी झालं, सात बाळं गेली. जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर पत्रक काढलं. एवढ्या सोयी असलेल्या देशातही ही बाळं हातची गेली. तेव्हा मी गरोदर होते, फार घाबरले होते. माझ्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं की शेवटच्या दिवसांत ताप किंवा जुलाब झाले तर लपवू नकोस, प्रसूतीच्या खोलीत शिरतानाच सांग.

बालवैद्य

हे फार महत्त्वाचं. आईला प्रसूतीच्या अगदी तोंडावर संसर्ग झाला तर विषाणू बाळाकडे पोचतो, पण आईच्या प्रतिपिंडांना (अँटिबॉडी) तयार होऊन नाळेतून जायला वेळच मिळत नाही. अशी बाळं सगळ्यात वाईट आजारी पडतात.

गोत्री_रोड

विषयांतर होतंय, पण २०२४ च्या पावसाळ्यात चांदीपुराने केवढी भीती घातली होती! तोही हाच प्रकार का?

लॅबमधला

चांदीपुराही विषाणूच, पण त्याचा मुख्य मारा मेंदूवर: अचानक ताप, झटके, काही तासांत बेशुद्धी. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा भागात पहिल्यांदा सापडला, पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने ओळखला. पसरवते वाळूमाशी, म्हणजे सँडफ्लाय. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते आणि इतकी बारीक की साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून आत येते. बळी मुख्यतः १५ वर्षांखालची मुलं. घरोघरी भिंतींच्या भेगा बुजवणं आणि फवारणी हाच त्यावर उपाय.

इंदूरची_सून

चिकुनगुन्याचं आमच्या जाऊबाईंच्या बाळाबाबतीत घडलं. प्रसूतीच्या आदल्या दिवशी त्यांना ताप आणि सांधे इतके धरले की उठवेना. बाळ जन्मलं तेव्हा छान. चौथ्या दिवशी ताप, दूध बंद, अंग सुजलं. सगळे सेप्सिस म्हणून धावले. मग नाकाच्या शेंड्यावर काळसर छटा पसरायला लागली. ती बघून तिथल्या वयस्कर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईची चिकुनगुन्याची तपासणी करा. दोघांचीही पॉझिटिव्ह आली. ती छटा जायला बरेच महिने लागले.

बालवैद्य

ती छटा आपल्याकडच्या डॉक्टरांनी भरपूर पाहिली आहे. आईला प्रसूतीच्या ऐन वेळी चिकुनगुन्या असेल तर जवळपास निम्म्या बाळांना तो लागतो, आणि लक्षणं साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात दिसतात. इथेही कोडं आईच्या आजारावरूनच सुटलं, बघा.

नवी_आई

हे सगळं वाचून हातपाय गळाले. माझं बाळ महिन्याचं आहे आणि मला आज सकाळपासून सर्दी-घसा. अंगावर पाजू की नको? सासूबाई वरचं दूध द्यायला सांगतायत.

एनआयसीयू_सिस्टर

पाज गं. बिनधास्त पाज. साबणाने हात धुवायचे, मास्क लावायचा, पाजताना तोंडावर खोकायचं नाही. तुझ्या अंगात आता तयार होणाऱ्या प्रतिपिंडांपैकी काही दुधातून बाळाला मिळतात, पावडरीच्या दुधात त्या कुठून येणार? स्तनावरच हर्पिसचा फोड असेल तर त्या बाजूने पाजायचं नाही. फार लवकर जन्मलेल्या, किलोभराच्या बाळांना आईच्या दुधातून सीएमव्ही हा विषाणू लागून सेप्सिससारखं होऊ शकतं, ते एनआयसीयूचे डॉक्टर बघतात. तुझ्या महिन्याच्या बाळासाठी ती काळजी नको. पाजणं सोडून इतर वेळी सासूबाईंकडे दे, त्यांनाही बरं वाटेल.

नवी_आई

खूप आभार सिस्टर. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या मास्क शोधतायत.

खंडेराव_मार्केट

लसीचं काय? बाळाला सहा महिन्यांआधी फ्लूची लस देत नाहीत असं वाचलं.

बालवैद्य

बरोबर. म्हणून ती गरोदर बाईला द्यायची, प्रतिपिंड नाळेतून बाळाला मिळतात. घरातल्या इतरांनीही घ्यावी. आरएसव्हीसाठी गरोदरपणात द्यायच्या लशीला अमेरिकेत ऑगस्ट २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. हर्पिस आणि एको-कॉक्सॅकीसाठी लस नाही, तिथे साबण आणि अंतर.

सुरसागरकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीच्या सासऱ्यांना @लॅबमधला यांची पोस्ट वाचायला दिली. ते दोनदा वाचून म्हणाले, 'म्हणजे त्या बाटलीत हा जंतू दिसणारच नव्हता'. बिलाचा विषय त्यानंतर निघालेला नाही. भावाला अँटिबायोटिकचं पटलं, थांबवण्याबद्दल मात्र तो खंडेरावांच्या बाजूने आहे, आणि खरं सांगायचं तर मीही.

दोन गोष्टी राहिल्या. बाळाला पुढे कशाकशासाठी दाखवायचं? आणि आमच्याकडे काम करणाऱ्या बेनच्या सुनेला पुढच्या महिन्यात दिवस भरतायत. तिला ही लक्षणं गुजरातीत हवी आहेत. तिच्याकडे खासगीत जायला पैसे नाहीत.

बालवैद्य

हृदयाचा इको एकदा परत करून घ्या, एन्टेरोव्हायरस स्नायूला सूज आणतो. लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल होईपर्यंत करत राहा. विषाणू पाठीच्या पाण्यात सापडला होता, म्हणून कानाची तपासणी करा, आणि मान धरणं, बसणं, हाताने पकडणं हे टप्पे वर्ष-दीड वर्ष डॉक्टरांकडून तपासत राहा.

एनआयसीयू_सिस्टर

बेनच्या सुनेला सांगा, ममता कार्ड जपून ठेव, त्यात बाळाची धोक्याची लक्षणं गुजरातीत चित्रांसह आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाबेन तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. तिच्यासमोर बाळाला उघडं करून दाखवायचं, नुसतं 'बरं आहे' म्हणून परत पाठवायचं नाही. बिघडलं तर १०८. सरकारी रुग्णालयात आजारी बाळाचे उपचार, औषधं, नेणं-आणणं वर्षभरापर्यंत मोफत आहेत, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली. आणि दारात विचारतील तेव्हा घरात कुणाला ताप, पुरळ, जुलाब, ओठावर फोड होता का, ते न विचारताही सांगायचं.

सुरसागरकाठची

संध्याकाळी बेन येतात, तेव्हाच बसून सांगते. आशाबेनचा नंबरही त्यांच्याकडून लिहून घेते.